कुलपं पाहून केलेला पंचनामा

दाजी गेल्याचं ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी रडलो नाही, संतापलो. तिला धीर द्यायचं सोडून म्हणालो, "अजून आठ दिवस थांबायला काय झालं होतं त्यांना?" ती म्हणाली, "तूच विचार जा," आणि फोन ठेवला. आठ दिवसांनी दाजींचा जबाब होता. त्या एका जबाबासाठी त्यांनी सहा वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते... आणि ऐन वेळी हृदयानं दगा दिला. महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही. या लेखात तो दिसला तर दिसू दे. गोडगोड बोलणारे शोकसभेत पुष्कळ होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तलाठी होते, खेड्यापाड्यांत त्यांना आप्पा म्हणत. लाचेच्या पैशाला शिवले नाहीत, हे त्यांच्यावर जळणारेही मान्य करतील. पण कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही, ही त्यांची खोड. घरात ताईशी वाजलं तरी म्हणायचे, "तक्रार लेखी दे." आम्ही हसायचो.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी पेठ तालुक्याच्या बाजूला एका पाड्यालगत सरकारनं कारखान्यांचा घातक कचरा पुरायला जागा हेरली. अशी जागा वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर हवी, असा नियम आहे. नियम चांगलाच असतो हो, मोजायला जाणारे कोण असतात ते बघावं! माघ महिन्यात जीप भरून साहेब लोक आले. पाड्यावर सगळ्या घरांना कुलपं आणि दारांना बोरीच्या काट्या. तिकडची माणसं द्राक्षाच्या कामाला खाली उतरली की गुरं घुसू नयेत म्हणून दाराला काटी लावून जातात. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, दाजींना होतं. मोठे साहेब म्हणाले, "आज इथं कोणी राहतंय का? नाही ना? मग जे दिसतं ते लिहा." आणि दाजींनी माहीत असूनही लिहिलं, 'कायम वस्ती आढळून आली नाही.' पाड्याखालचा झरा कोणी वापरत नाही, हेही ओघानं आलंच. खाली सही ठोकली.

पाड्याला हे कळलं ते वर्षभरानं, जागेवर खांब रोवले गेले तेव्हा. पाड्यावरचा हिरामण दाजींच्या शहरातल्या, इंदिरानगरच्या घरी आला. मी तिथंच होतो. चहाला हात न लावता तो म्हणाला, "आप्पा, आमी पोटासाठी चार महिने खाली जातो. कुलूप लावलं म्हंजी घर आमचं नाय का? तुमी दिवाळीला गावाला जाता, तवा तुमच्या दारात इख आणून वतू का?" ताई आतून ऐकत होती, तिनं चहा उचलून नेला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला, 'माझा पंचनामा चुकीचा आहे.' तहसिलात सांगितलं, तुम्ही निवृत्त झालात, आता दुरुस्तीचा अधिकार नाही. प्रदूषणाचं बघणारे म्हणाले, जागा महसूलनं दाखवली, त्यांनाच विचारा. महसूलवाले म्हणाले, मंजुरी आमची नाही. एका साहेबानं तर हसत सल्ला दिला, "पेन्शन खा, नातवंडं खेळवा." निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं मला तोवर वाटत होतं.

मीही त्या साहेबांहून बरा नव्हतो. दाजींशी भांडायचो, "सही करताना लाज वाटली नाही?" एकदा ते म्हणाले, "वाटली होती. तरी केली..." आणि पुढं, "त्या दिवशी हिरामण आणि त्याचा पाडा कुठं होता, सांगू? वणीला, तुझ्या भावाच्या बागेत, द्राक्षाचे घड तोडायला. तूही होतास. तेवढं लिहून दे." मी मास्तर माणूस, भावाशी वाकडं नको, बागेत सरकारी चौकशी नको, म्हणून 'बघू' म्हणालो. सहा वर्षं बघतच राहिलो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

दाजींना जबाबाची तारीख मिळाली ती सहाव्या वर्षी, आणि तीही हुकली. 'जे दिसतं ते लिहा' म्हणणारे साहेब शोकसभेत दाजींच्या सचोटीवर भरभरून बोलले. मला उठून त्यांची कॉलर धरावीशी वाटली. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "अर्जदार हयात नाहीत, अर्ज निकाली निघेल."

"आणि पंचनामा?"

"तो राहणार. सरकारी कागद आहे."

"दोन्ही एकाच माणसानं लिहिलेत ना?"

"हो, पण अर्ज खाजगी होता." हे तो अगदी शांतपणे, माझी समजूत घालावी तसं बोलला. मग म्हणाला, प्रत्यक्ष माहिती असलेला दुसरा कोणी असेल तर सोमवारपर्यंत जबाब आणा.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "लिहिलंस तर वणीला पाय ठेवू नकोस." मी म्हणालो, बरं.

रविवारी ताईकडे, दाजींच्या खोलीत त्यांच्याच टेबलाशी बसून लिहिलं. पाड्यावरची कोणकोणती घरं त्या दिवशी आमच्या बागेत होती, त्यात कोण कोण होतं, हिरामणची बायको कुठल्या ओळीत काम करत होती, सगळं. अर्धं पान भरलं. तळाशी सही करायला पेन टेकवलं तर ताई म्हणाली, "थांब. मध्ये एवढी कोरी जागा सोडतोस? मागाहून काय वाट्टेल ते घुसडतील." तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि उरलेल्या जागेवर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली. दाजी जन्मभर प्रत्येक कागदावर ओढत तशीच, दाबून, कागद फाटेल की काय असं वाटावं इतकी.

"आता कर," ती म्हणाली. मी सही केली.