कोपरे बैलांचे

साठ सालच्या सुमारास प्रकाशा गावाच्या आसपास ट्रॅक्टर एकाच शेतकऱ्याकडे होता. स्वतःच्या कापसा-केळीचं काम उरकलं की तो भाड्याने दुसऱ्यांची शेतं नांगरायचा. इंजिनाच्या आवाजाची त्याला इतकी सवय, की ओट्यावर चहा पितानाही ओरडूनच बोलायचा. शेतात उतरण्याआधी मात्र बैल कुठे आहेत ते पहिलं विचारायचा, "बैल कोठे शेतस?" कारण ट्रॅक्टर जिथे वळत नाही, ते चारही कोपरे तो बैलांसाठी सोडायचा.

एकदा आमच्या शेजाऱ्याने बैल विकल्याचं छाती फुगवून सांगितलं, "इकी टाकात भाऊ! आते तुमना ट्रॅक्टर शे ना!"

हा तिथेच भडकला. "आनि हाऊ चिखलमा फसना त वढाले कोन येई? तू?"

नांगर काढून त्याने ट्रॉली जोडली, शेजाऱ्याला वर बसवलं आणि बैल विकले होते त्या शहाद्याच्या बाजाराचा रस्ता धरला.

संध्याकाळी ट्रॅक्टर परतला, तेव्हा ट्रॉलीत दोन्ही बैल ऐटीत उभे होते आणि शेजारी त्यांच्या पायांशी अंग चोरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्याचं शेत नांगरलं. चारही कोपरे सोडून.