शेंदराची खोळ

नवऱ्याचं नाव मी कधी घेत नव्हते. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. आता मात्र शेखर म्हणूनच सांगणार, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे. आणि खरं तर ही गोष्ट त्याची नायच. ही माझ्या दादाची, हरेशची.

मुरबाडवरून टोकावड्याकडं जाताना रस्त्याला दादाची भाताची गिरणी हाय. नवीन माणूस भात भरडायला आला की त्याला आधी हसू येतं. गिरणीतल्या प्रत्येक पान्याला, डिसमिसला, तेलाच्या बुधल्यालासुद्धा लाल चिंधी बांधलेली. पट्टा चालू करायच्या आधी दादा सगळी अवजारं मुठीत धरतो आणि गिऱ्हाइकासमोर हात उंच करतो. गिऱ्हाइकानं बघून मान हलवली की मगच बटण दाबतो. म्हातारी माणसं कुरकुरतात, "अरे हरेश, मला काय दाखवतोस, माझं पोतं भर." तरी तो हात खाली घेत नाय. गावातली पोरं चमचे उंच धरून त्याची नक्कल करतात.

ही सवय एअर फोर्सातली. दादा तिथं आर्मरर होता, म्हणजे लढाऊ विमानाला बॉम्ब लावून देणारा. गावात कोणी विचारायचं, हरेश विमान चालवतो का. आमची आई, बाईजा, सांगायची, "नाय रे, तो विमानाला शिदोरी बांधून देतो." बॉम्बला शिदोरी म्हणणारी बाई ती. तिच्याकडनं हुशारीची अपेक्षा करणाऱ्यालाच मूर्ख म्हणायला पाहिजे.

बॉम्बला एक पिन असते. ती आत असेपर्यंत बॉम्ब झोपलेला. पिनेला हातभर लाल कापडी पट्टी, लांबून दिसावी म्हणून. विमान निघताना आर्मरर सगळ्या पिना ओढून काढतो आणि मूठ उंच करून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक त्या मोजतो, अंगठा दाखवतो आणि मग जातो. हे मला दादानं सांगितलेलं नाय. तो लढाईबद्दल चकार शब्द काढत नाय. हे सांगितलं शेखरनं, आणि मला एकटीला नाय, अख्ख्या शहापूर तालुक्याला सांगितलं.

शेखर शहापूरकडल्या खर्डीचा. दोघं पंजाबातल्या एकाच तळावर, एकाच कामाला. एवढ्या लांब आपल्याकडचा माणूस भेटला म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा. एका ताटात जेवायचे. दादा सुट्टीवर आला की घासागणिक शेखर असं म्हणतो, शेखर तसं करतो. आईला तर न बघताच तो पोरगा आवडायला लागला होता.

कारगिलच्या वर्षी, लढाई ऐन भरात असताना, त्या तळावर एक पिन कमी भरली. ही गोष्ट शेखर दर सव्वीस जुलैला खर्डीच्या शाळेत माइकवर सांगायचा. मला पाठ हाय. "एक पिन म्हणजे काय, असं तुमी म्हणाल, पोरांनो. ती धावपट्टीवर पडली असेल आणि इंजिनानं आत ओढली, तर विमान गेलं आणि आतला माणूसही गेला. म्हणून सगळी विमानं उभी केली. वर डोंगरात आपले जवान विमानांची वाट बघतायत, आणि इकडं आमी रांगेत गुडघ्यावर, गवत चाचपतोय. लाल पट्टी, तिच्यावर पांढऱ्या रंगात सातचा आकडा. आमचे गुडघे सोलले. एका माणसाचा निष्काळजीपणा, पोरांनो." मग खिशातनं रुमाल काढायचा, डोळे टिपायचा आणि म्हणायचा, "ती पिन काय शेवटपर्यंत सापडली नाय."

नाव घेत नव्हता. मोठेपणाच तो. पण तो माणूस म्हणजे शेखरचा मेहुणा, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत. मी बायकांच्या रांगेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायचे.

त्या दिवशी पिना दादाच्या ताब्यात होत्या. त्याला शिक्षा झाली, बढती गेली, मुदत संपल्यावर पुढं ठेवून घेतलं नाय. तो घरी आला तेव्हा गावात बातमी आधीच पोचली होती, आणि पोचता पोचता वाढली होती. कोण म्हणे विमानाचा पार्ट विकला, कोण म्हणे लढाईत झोपला. सोयरीक जमत आली की कोणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागायचं. दोनदा तसं झालं, मग लोक यायचेच बंद झाले. दादा आईजवळ राहिला, गिरणी घातली, भाकऱ्या थापायलासुद्धा शिकला.

आता आईच्या देव्हाऱ्याचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाय.

लढाई संपली त्या साली गणपतीला दादाला सुट्टी मिळाली नाय, चौकशी चालू होती. शेखरला मिळाली. तो पेढे घेऊन आमच्या घरी आला. आईच्या हातावर त्यानं एक वस्तू ठेवली, लाल कापड घट्ट गुंडाळलेली. म्हणाला, "मावशी, तळावरच्या मारुतीचं निशाण हाय. देव्हाऱ्यात ठेवा. हरेशच्या केसाला धक्का लागायचा नाय." लाल कापड आणि मारुतीचं नाव, आईला आणखी काय पाहिजे? ती रडली. वैशाखात तिनं मला त्या पोराला दिलं. मीही खुशीनं गेले, खोटं कशाला बोलू.

दर शनिवारी आई त्या निशाणाला तेल-शेंदूर लावायची. आमच्याकडं देवाचा जुना शेंदूर पुसत नायत, त्याच्यावरच नवा चढवतात. थरावर थर बसत जातो, आत काय होतं ते कोणाच्या ध्यानात राहत नाय. मग कधीतरी ती खोळ आपसूक सुटते. लोक म्हणतात देवानं अंग मोकळं केलं, आणि ती खोळ वाजतगाजत नदीत सोडतात. आईचं निशाण फुगत फुगत वांग्याएवढं झालं होतं. खर्डीहून माहेरी गेले की मीसुद्धा त्याच्यासमोर डोकं टेकवायचे.

आई गेल्या वर्षी वारली. दादानं देव्हाऱ्यात दिवा लावायचा ठेवला, शेंदूर मात्र लावला नाय. मी विचारलं तर म्हणाला, "मला नाय जमत ते." पुरुषाचा आळस म्हणून मी सोडून दिलं. यंदा जेठ महिन्यात देव्हारा साफ करायला गेले, तर निशाण तडकलेलं. हातात घेतलं आणि अर्धी खोळ माझ्या मांडीवर पडली.

मला आधी आनंदच झाला. वाटलं आईच्या देवानं अंग मोकळं केलं, गावाला सांगायला पाहिजे. मग आतलं बघितलं. एक लोखंडी पिन, वर कडी, कडीला पट्टी. तेलानं कापड जसंच्या तसं राहिलेलं. मी घडी उलगडली, आणि आत पांढऱ्या रंगात सातचा आकडा.

मी तिथंच बसून राहिले. हा माणूस गवतात गुडघ्यावर पिन शोधत होता ना? आमच्या घरी पेढे दिले तेव्हा आई म्हणाली होती, किती मायाळू पोरगा हाय. माझ्या आईनं पंचवीस वर्षं त्याच्या चोरीला नैवेद्य दाखवला. आणि मी त्याच्या नावाचं कुंकू लावून त्याची भाषणं ऐकली.

पट्टी पदरात घेऊन मी तडक गिरणीवर गेले. दादा एकटाच होता, भात ओतत होता. मी पिन उंच धरली, तो धरतो तशी. त्यानं बघितलं, गिरणी बंद केली आणि विचारलं, "सुटली काय खोळ?"

मी पिन खाली घेतली.

"तुला माहीत होतं, दादा?"

"तुझ्या हळदीला बघितली. आईनं देव्हाऱ्यातली सुपारी आणायला धाडलं. तेव्हा शेंदूर पातळ होता, पट्टीचं टोक सुटलेलं, आकडा दिसला."

"मग बोलला का नायस?"

"दारात मांडव होता, गो. तू हळदीनं माखून बसलेली. आई पाहुण्यांना सांगत होती, ह्या निशाणानं माझा पोरगा राखला." तो पोत्यावरचा कोंडा झटकत राहिला. "वऱ्हाड तेव्हाच उतरलं होतं आपल्याकडं. शेखरला परसात नेऊन विचारलं. पाया पडला तो. एक पिन त्यानं ओढली होती, माझ्याकडं द्यायची ती घाईत खिशात राहिली म्हणाला, शोधाशोध सुरू झाल्यावर काढायची छाती झाली नाय. मी त्याला म्हटलं, माझ्या बहिणीला सुखात ठेव. माझं मी बघतो."

तुमी म्हणाल, केवढा मोठा भाऊ. मला नाय तसं वाटलं. शेखरचा राग आलाच होता, पण दादाचा जास्त आला. परसात दोघं बाप्ये उभे राहिले, एकानं आपली अब्रू दिली, दुसऱ्यानं माझ्या सुखाचा शब्द दिला, आणि ज्या बाईचं लग्न ती आत अंगाला हळद लावून घेत होती.

"मला विचारलंस का?" मी म्हटलं. "एकदा तरी? चोराच्या घरी नांदायचं की नाय, हे मी सांगितलं असतं."

"तू मोडलं असतंस लग्न."

"मोडलं असतं. माझं होतं, मी मोडलं असतं."

त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. मग हळूच म्हणाला, "ठेव ती परत. आईचा देव हाय."

"आणि तो शाळेत दरवर्षी माइकवर तुला निष्काळजी म्हणतो, ते कुठं ठेवू?"

दादानं मान वर केली. "कसलं माइक?"

त्याला माहीतच नव्हतं. खर्डीच्या शाळेतलं मुरबाडला कोण सांगणार? मीही कधी सांगितलं नव्हतं, त्याला दुखेल म्हणून. आता सगळं भाषण म्हणून दाखवलं, रुमालापर्यंत. दादा पोत्यावर बसला. "गप राहायचं ठरलं होतं आमचं," म्हणाला. "बाकी काय नाय मागितलं मी त्याच्याकडं." मग तोंडावर पंचा धरून बसला. शिक्षा झाली, सोयरिकी मोडल्या, तरी मी त्याला रडताना बघितला नव्हता.

"सव्वीस जुलैला खर्डीला ये," मी सांगितलं. "काय बोलू नको. नुसता ये."

घरी येऊन मी शेखरला काही विचारलं नाय. जेवण वाढलं, डबा भरला, कपडे धुतले. एकदा मनात आलं, दादाला समोर बघून हा माणूस ते वाक्य गिळेल. गिळलं तर मी पिन नदीला वाहीन आणि विषय संपवीन. एवढी संधी त्याला द्यायची असं मी ठरवलं. पंचवीस वर्षं संसार केला होता मी.

त्याचा रुमाल रोज मीच घडी करून पँटच्या खिशात ठेवते. त्या दिवशी रुमालाच्या घडीत पिन पट्टीसकट गुंडाळून ठेवली. तो काय बघणार, हातात आयतं मिळायची सवय.

शाळेच्या सभागृहात पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेखर शाल पांघरून माइकपाशी गेला. गोष्ट सुरू झाली. विमानं उभी राहिली, गवत आलं, गुडघे सोलले. तेवढ्यात दारात दादा दिसला, हातात ओली छत्री. शेखरनंही त्याला बघितलं. अडखळला. पाण्याचा घोट घेतला. मी मनात म्हटलं, गिळ रे, एवढं एक वाक्य गिळ.

"एका माणसाचा निष्काळजीपणा, पोरांनो," शेखर म्हणाला आणि खिशात हात घातला.

रुमालाबरोबर लाल पट्टी बाहेर आली, लोंबली. पिन माइकच्या दांड्यावर वाजली. त्यानं पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुढच्या बाकावरची पोरं माना उंचावून बघायला लागली. मला वाटलं आता तरी बोलेल. त्यानं रुमाल आणि पिन दोन्ही परत खिशात कोंबली, घसा खाकरला आणि म्हणाला, "ती पिन काय शेवटपर्यंत सापडली नाय."

टाळ्या सुरू झाल्या. मी बायकांच्या रांगेत उभी राहिले.

"खिशात बघा," मी म्हटलं.

टाळ्या थांबल्या. कोणाला काही कळेना. पोरांना वाटलं त्यांनाच सांगितलं, ती आपापले खिसे चाचपायला लागली. मास्तरांनी चाचपले, सरपंचांनीही चाचपले. कोणी हसलं. शेखर तसाच उभा, हात खिशात.

तेव्हा दारातनं दादा बोलला. आवाज चढवला नाय, गिरणीत बोलतो तसाच बोलला.

"शेखर, हात वर कर. मोजू दे त्यांना."

सगळ्यांनी वळून दादाकडं बघितलं, मग शेखरकडं. पोरं, मास्तर, आमच्या आळीतल्या बायका, सगळे वाट बघत होते. दादानं छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि तोही थांबला.

शेखरचा हात खिशातच राहिला.