हॅलोचा माळ

इंजिनिअर झालेली माझी मैत्रीण सुनीता मला संगणकाच्या पडद्यावरच्या ओळी दाखवत होती. मोबाइल टॉवरवर येणारे सिग्नल झपाट्याने उलगडणारा कोड एका कंपनीने खुला केला होता. कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा.

मला आनंदाआधी रागच आला. फोन कंपन्यांनी आपलं तंत्र लोकांसाठी उघडावं, अशी मागणी करणाऱ्या आमच्या गटाच्या प्रत्येक पत्रकाला आजवर एकच उत्तर मिळालं, "ते तांत्रिक आहे, तुम्हाला कळणार नाही."

लहानपणी आमच्या गावात रेंज यायची फक्त वरच्या माळावर. त्याचं नावच पडलं हॅलोचा माळ. पुण्यातल्या आपल्या मुलाशी बोलायला आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून चढायची, जणू तो बघणारच आहे. अर्धं बोलणं "ऐकू येतंय का रं?" यातच संपायचं. तरी उतरताना काय हसायची!

आजही तिचा फोन मध्येच तुटतो. संध्याकाळी तिला सगळं सांगितलं.

"म्हंजी आता कुणालाबी वाचता येतंय?"

"हो, कुणालाही!"

"मग वाच की गं बाई. इतकी वर्षं उघडा, उघडा म्हणून तूच बोंबलत होतीस ना?"

मी मग सुनीताला निरोप धाडला, "उद्या येते. पहिल्या ओळीपासून शिकव."