यल्लव्वाला मिळालेला भलताच मान

जुन्या हुबळीत यल्लव्वा पिशवी घेऊन घराबाहेर पडली की ‘कुठं निघालीस?’ असं तिला कुणी विचारत नाही. ‘कोण गेलं गे?’ असं विचारतात. ती बिचारी कोथिंबीर आणायला निघालेली असते.

कारण गल्लीत कुठलीही बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला यल्लव्वाच लागते. अंगावर पाणी ओतायचं, केस विंचरायचे, हातापायांची बोटं सरळ करायची, लुगडं नेसवायचं आणि मग बाहेर टाहो फोडणाऱ्यांना ‘या आता, बघून घ्या’ म्हणून हाक मारायची. ह्याचे ती पैसे घेत नाही. मयताचं लुगडं घेत नाही. आत जे दिसलं ते बाहेर कधी बोलत नाही. मेलेलीची जातही विचारत नाही. तिची जात मात्र लोक विचारतात, पण तीसुद्धा काम उरकल्यावर.

नाव देवीचं असलं तरी घर बौद्धांचं. नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता, तो गेला. मुलगा धम्मानंद टेंपो चालवतो, सून साधना घरात बसून ब्लाऊज शिवते. यल्लव्वा उमेदीत होती तेव्हा बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. किती का रडकं पोर असेना, तिच्या पसरलेल्या पायांवर पडलं आणि पाठीवरून ऊन पाणी गेलं की गप्प झोपायचं. घरोघरचं बोलावणं असायचं तिला. मग एकदा खानावळ चालवणारी एकटी बाई वारली. सकाळची दुपार झाली. पुरुष दाराबाहेर बिड्या ओढत उभे, बायका पदर तोंडाला लावून उभ्या, आत कुणी जाईना. यल्लव्वा तिचं पातेलं परत द्यायला गेली होती. “अगं बायांनो, माणूस हाय की विंचू?” म्हणाली, पदर खोचला आणि आत शिरली.

झालं! त्या दिवसापासून मयताची बोलावणी सुरू झाली आणि बाळांची बंद पडली. ज्या हातांनी मढं धुतलं ते हात तान्ह्या लेकराला कसे लावायचे, म्हणे. म्हणजे मढं धुवायला बोलावणार हेच आणि धुतलं म्हणून नाक मुरडणार हेच. छापाही ह्यांचा आणि काटाही ह्यांचाच. पोटावर पाय आला तो यल्लव्वाच्या. बारशाला तिला आवतण नाही, लग्नाच्या मांडवात तिला पुढं बसवत नाहीत. आणि मयताच्या घरात चूल पेटत नाही, त्यामुळं गल्लीतली एकूण एक मोरी बघितलेल्या ह्या बाईनं तेव्हापासून एकाही घरचा चहा प्यालेला नाही. चूल पेटते त्या दिवशी तिला कोण बोलावतंय!

इतकी वर्षं सोबतीला सीताक्का असायची. एकीनं धरायचं, दुसरीनं पाणी घालायचं. सीताक्का गेल्या वर्षी लेकीकडं अळणावरला राहायला गेली आणि यल्लव्वा एकटी पडली. गुडघे तर कधीच बोलायला लागले होते. दसऱ्याच्या आधी एक थोराड अंगाची बाई गेली. यल्लव्वानं आतून तीनदा हाक मारली, “कुणीतरी या गे, कुशीला वळवायचं हाय.” बाहेर डझनभर बाया होत्या. एकीनंही आत पाऊल घातलं नाही. शेवटी तिनं एकटीनंच वळवायला घेतलं, साबणाचा हात सटकला आणि त्या बाईचं डोकं पाटावर आपटलं. बाहेर कुणाला कळलं नाही. यल्लव्वा मात्र तिच्या पायांवर डोकं ठेवून “चुकलं गे माझं, चुकलं” म्हणत ढसाढसा रडली. मेलेल्याला लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो आवाज ऐकलेला नसतो.  आणखी तीन बाया पाहिजेत, नाहीतर हे काम आता आपल्याच्यानं नीट होणार नाही, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात बसली.

अशात नोव्हेंबर लागला. नोव्हेंबरात कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि राज्योत्सव म्हटला की आमच्याकडं सत्काराचं पीक येतं. दर दोन गल्ल्यांमागं एक समिती, दर समितीमागं एक मांडव. इथल्या नागरिक सन्मान समितीचे सेक्रेटरी मधुकरअण्णा, दाजीबानपेठेत कापडाचं मोठं दुकान असलेले. ते स्वतः यल्लव्वाच्या दारात आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, पण आले.

“अक्का, यंदाचा निःस्वार्थ सेवेचा मान तुम्हाला द्यायचं ठरलंय. शाल, हार, फळांची परडी आणि सन्मानचिन्ह.”

“मला शाल कशाला, अण्णा? मला माइक द्या,” यल्लव्वा म्हणाली. “दोन वाक्यं बोलायची हायेत. तीन बाया पाहिजेत म्हणून सांगते आणि खाली उतरते.”

“बोला की! त्यात काय एवढं?” मधुकरअण्णा म्हणाले.

ह्या ‘बोला की’वर यल्लव्वा विसंबली. साधनाला घेऊन ती दोन वाक्यं तिनं भाकरी थापताना, भांडी घासताना पाठ केली. समारंभाला धुवट पांढरं लुगडं नेसून गेली. व्यासपीठावर रक्तदान करणारे एक होते, योगासनं शिकवणारे एक होते, आणि उन्हाळ्यात ताक वाटणारे एक होते, ज्यांचं ताक फोटोवाला आल्याशिवाय माठाबाहेर येत नाही. सगळ्यांच्या डोक्यावर म्हैसुरी फेटे चढले. मग निवेदकानं यल्लव्वाचं नाव घेतलं आणि आधी कानडीत, मग मराठीत, खणखणीत आवाजात सांगितलं, “आपल्या भागात गेली अनेक वर्षं स्वच्छतेची सेवा करणाऱ्या...”

यल्लव्वाला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं काम चुकून आपल्या नावाला जोडलं. पण पुढं रस्ते आले, गटारं आली, निर्मळ हुबळीचं स्वप्न आलं, टाळ्या आल्या. बौद्ध वस्तीतली बाई म्हटल्यावर समितीच्या बैठकीत तिच्या हातात झाडू आपोआप आला होता. दुसरं काही सुचायची गरजच पडली नव्हती.

झाडूत वाईट काही नाही. यल्लव्वाची सासू जन्मभर झाडकाम करून ताठ मानेनं जगली. पण जी गोष्ट केली नाही तिचा मान घ्यायचा आणि जी केली ती तोंडातून काढायची नाही, ही कुठली रीत? शाल अंगावर पडली. यल्लव्वा माइककडं वळली. मधुकरअण्णा आडवे आले.

“अक्का, आत्ता नको,” ते दबक्या आवाजात म्हणाले, तोंडावर हसू तसंच ठेवून. “शुभकार्य आहे. पुढं पाहुणे बसलेत, लग्नाच्या मुली बसल्यात. मढ्याबिढ्याचं नाव इथं बरं दिसत नाही.”

“तुम्ही बोला म्हणालात की!”

“परत कधीतरी.” आणि त्यांनी निवेदकाला खूण केली. निवेदकानं गाणं लावलं.

घरी येऊन यल्लव्वानं फळं पोरांना वाटली. सन्मानचिन्हावर काय लिहिलंय ते साधनाकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. तेच होतं, स्वच्छता. साधना इतकी भडकली होती की तिच्या हातातली सुई दोनदा बोटात घुसली.

“मामी, हे त्यांच्या तोंडावर परत फेकून या.”

“फेकायचं नाही. देऊन येते,” यल्लव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते चिन्ह नेहमीच्या पिशवीत घातलं आणि मधुकरअण्णांच्या घरी गेली. दार वाजवलं. कुणी येईना. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी, मधुकरअण्णांची बायको रश्मी मागच्या बाजूला पिंपं भरत होती. पाण्याच्या मोटारीच्या आवाजात तिला काय ऐकू येणार? यल्लव्वा पिशवी धरून पायरीवर बसली.

आता समोरच्या घरातून हे कसं दिसलं असेल, बघा. मधुकरअण्णांची आई अनसूयाबाई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. आणि दारात यल्लव्वा, पिशवीसकट! समोरच्या बाईनं खिडकीतून पाहिलं आणि तिथूनच गळा काढला, “अनसूयाव्वा गेली गेऽऽ!”

मग काय विचारता. ह्या दाराकडून त्या दाराकडं बातमी पळाली. कुणी टीव्ही बंद केला. कुणी घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून रस्त्यात मांडल्या. दोघांनी भिंतीकडेला तीन विटा लावून पाणी तापवायला पातेलंसुद्धा चढवलं. कुणीतरी दाजीबानपेठेतल्या दुकानात फोन केला. यल्लव्वा “अहो, तसं नव्हं, ऐका तरी” म्हणत उभी राहिली, तर एकीनं तिच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला.

मधुकरअण्णा स्कूटर रस्त्यात तशीच टाकून अनवाणी धावत आले. “अव्वा! मला न सांगता गेलीस गे!” म्हणत त्यांनी दारावर डोकं ठेवलं. तेवढ्यात पाण्याची मोटार थांबली, रश्मीनं ओल्या हातांनी दार उघडलं आणि आतल्या खोलीतून अनसूयाबाईंचा खडा आवाज आला, “कोण बोंबलतंय रे सकाळच्या पारी? माझा चहा कुठं राहिला?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानं मधुकरअण्णांचं रडणं एका झटक्यात रागात गेलं. ते यल्लव्वाकडं वळले, आणि कालचं ‘तुम्ही’ कुठल्या कुठं गेलं.

“तू कशाला आलीस इथं? तू दारात बसलीस म्हणजे माणसानं काय समजायचं?”

“काय समजायचं?” यल्लव्वा म्हणाली. “सांग की, अण्णा. जरा मोठ्यानं सांग.”

मधुकरअण्णा रस्त्यात पडलेल्या स्कूटरकडं बघायला लागले.

“नाही ना सांगवत? मग मी सांगते.” यल्लव्वाचा आवाज चढला. इतक्या वर्षांत गल्लीनं तो कधी ऐकलेला नव्हता. “काल माइकवर म्हणालात, यल्लव्वा झाडलोट करते. मग आज माझ्या हातात झाडू एकालाही का दिसला नाही? गटार काढायला आली असेल, असं एकाला तरी वाटलं का? ह्या खुर्च्या कुणी मांडल्या? ह्या विटा कुणी लावल्या? मी काय करते ते शेंबड्या पोराला ठाऊक हाय. फक्त तुमच्या माइकलाच ठाऊक नव्हतं व्हय?”

 विटांवरचं पाणी उकळायला लागलं होतं.

काल दिला नाही तो माइक, आणि आज न बोलावता सगळी गल्ली समोर जमलेली! यल्लव्वाच्या ध्यानात ते आलं. पाठ केलेली दोन वाक्यं तिला आता आठवेनात, तशीच ती बोलली. “माझे गुडघे गेले. मागल्या खेपेला एका बाईचं डोकं माझ्या हातून पाटावर आपटलं. कुणाचं ते मरेपर्यंत सांगणार नाही. पण मी आतून हाक मारत होते, आणि तुम्ही बाहेर उभ्या होता. तुम्हीच, ह्याच. मला तीन बाया पाहिजेत. तुमच्या आयांसाठी, सासवांसाठी. आणि उद्या तुमच्यासाठी.”

लगेच एकीला दूध उतू जाईलसं आठवलं. दुसरीचं पाणी भरायचं राहिलं होतं. खुर्च्या ज्या लगबगीनं आल्या त्याच लगबगीनं परत गेल्या. बघता बघता दारात उरले ते मधुकरअण्णा, तीन विटा आणि उकळतं पाणी.

यल्लव्वानं पिशवीतून चिन्ह काढून मधुकरअण्णांच्या हातात ठेवलं. “खरं काम लिहून आणा, मग घेते. नाहीतर पहाटे खरंच रस्ता झाडायला येतात त्या बायांना द्या. हा मान त्यांच्या हक्काचा हाय. तो चोरून मला कशाला देता?”

ती वळली, तसा आतून पुन्हा आवाज आला, “यल्लव्वा, आत ये गे. सगळं ऐकलं मी. बस इथं. रश्मी, हिला चहा दे.”

रश्मी घुटमळली. मग आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज यल्लव्वानं उंबऱ्याशी उभं राहून ऐकला. अनसूयाबाईंच्या खाटेशेजारी ती टेकली तेव्हा म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. “माझी पाळी जवळ आली बघ. माझं डोकं आपटू देऊ नकोस.”

“एकटीला जमलं तर बघते, अव्वा. वचन नाही देत,” यल्लव्वा म्हणाली. गोड बोलायचं तिनं कालपासून सोडलं होतं.

रश्मीनं चहा आणला. घरातल्याच कपात आणला. यल्लव्वानं कपाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

“सासूला रोज आंघोळ कोण घालतं?”

“मीच.”

“कुशीला कोण वळवतं?”

“मीच की.”

“मग त्या एका दिवशीच हात का आखडायचा? ती तेव्हा दुसरी कोण होणार हाय?”

 बाहेर मधुकरअण्णा विटा उचलत होते, त्यांचा आवाज येत होता. “आमच्या थोरल्याला तुम्हीच न्हाऊ घातलं होतं,” रश्मी हळूच म्हणाली. “धाकट्याच्या वेळी मी नको म्हटलं. मीच म्हटलं होतं.” आणि मग खाली बघत, “त्या दिवशी आत हाक मारा मला. येईन मी.”

यल्लव्वानं चहा संपवला. गार झाला होता, आणि साखर जास्त होती. कप तिनं रश्मीच्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

“एक झाली,” ती म्हणाली. “अजून दोघी पाहिजेत.”