दगडाची माणसं आधीची

मोबाइलवर ऐकायच्या एका लांबलचक काल्पनिक गोष्टीचे भाग मी लिहिते. तिच्यात तीन प्राचीन वंश आहेत. आधी दगडातून उठले ते पाषाणवंशी, मग डोहातून आले ते जलवंशी आणि सगळ्यांत शेवटी, वीज पडून पेटलेल्या रानातून, अग्निवंशी. हा क्रम मीच ठरवला होता. पुढची सगळी भांडणं, सोयरिकी, शाप त्याच्यावरच उभे होते.

वडील गेल्यावरही आईने खापरखेडा सोडलं नाही. डायलिसिससाठी तिला मी नागपुरात आणते. मशीन सुरू झालं की पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून लिहीत राहते. उन्हाळ्यातल्या अशाच एका सकाळी संपादकाचा फोन आला.

"मॅडम, अग्निवंशी सगळ्यांत जुने करून टाका. हीरो त्यांचा आहे."

"अहो, पण त्यांच्या जन्माच्या वेळी पाषाणवंशी तिथे उभे होते. तो भाग होऊन गेलाय."

"कोणाला आठवतंय एवढं? संध्याकाळपर्यंत द्या."

वाद घालायचं त्राण नव्हतं. बरं म्हटलं. आईला मात्र सगळं आठवत होतं. ती एकही भाग चुकवायची नाही.

"काहून बदलून राहिली वं?" तिने विचारलं.

"त्यांना तसं पाहिजे, आई."

"पण दगडाचे लोक जुने हायेत ना? त्याईनंच तर त्या जाळाच्या लेकराईले नावं देल्ली."

"माहीत आहे गं."

ती डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "मंग जाळवाल्याईले म्हणू दे, आमीच पयले म्हणून. दगडवाले आयकून घेतीन. थकले असतीन ना थे बी. कोन भांडत बसन?"

मी तसंच लिहिलं. भर सभेत अग्निवंशी राजा सांगतो, पृथ्वीवर आम्हीच पहिले. त्याच्या आजोबाचं नाव जिने ठेवलं ती पाषाणवंशी म्हातारी कोपऱ्यात बसलेली असते. ती मान वर करते, त्याच्याकडे बघते आणि पुन्हा खाली घालते. संपादकाला राजाचं भाषण तेवढं आवडलं. श्रोते मात्र म्हातारीवरून भांडले. ती गप्प का? नक्की काहीतरी शिजतंय तिच्या मनात.

दोन दिवसांनी फोन आलाच. "त्या म्हातारीला सूड घ्यायला लावा, मॅडम."

सध्या तो सूड लिहितेय. जमत नाही. तिला उठवून उभं करते आणि पुढे काय करायचं ते तिलाही कळत नाही, मलाही. आईला विचारावं असं बरेचदा मनात येतं, पण अलीकडे मशीन सुरू झालं की तिचा डोळा लागतो. इअरफोन उशीवर पडलेले असतात आणि त्यातून माझीच वाक्यं बारीक आवाजात चालू असतात. मी ती बंद करते.