थेल्माची अंगठी आणि डब्यांच्या कड्या

विल्फ केरिसनने आमच्या स्कॅरोबी गावच्या शाळेची बस एकतीस वर्षं चालवली. त्या एकतीस वर्षांत ती बस कधी दोन मिनिटं लवकर सुटली नाही की दोन मिनिटं उशिरा. चर्चच्या कोपऱ्यावरून एखादं पोर दप्तर सांभाळत धावत येताना दिसत असलं, तरी वेळ झाली की हा दार लावून निघायचा. आयांनी तक्रार केली की म्हणायचा, "वेळापत्रकात थांबायचं लिहिलेलं नाही." असा नाकासमोर चालणारा माणूस. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचं, त्यात स्वतःची अक्कल घालायची नाही. पबमध्ये मी त्याच्या या स्वभावाची पोटभर टिंगल केली आहे. आता करत नाही.

मी इथल्या मेटल डिटेक्टरवाल्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. क्लब म्हणजे काय, तर कापणी झालेल्या शेतांतून रविवारी कानाला हेडफोन लावून, काठीच्या टोकाची ताटली जमिनीवरून फिरवत हिंडणारे वीस-बावीस म्हातारे. दिवसभर मान खाली घालून चालायचं, तीस खड्डे खणायचे आणि संध्याकाळी दोन बटणं, एक पट्ट्याचं बक्कल आणि ट्रॅक्टरचा तुटका नट घेऊन घरी जायचं. बायका हसतात. हसू देत. घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा हे बरं.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी विल्फ पबच्या आवारात मला गाठायला आला. हातात नॉरिचहून आणलेलं जुनं मशीन आणि बगलेत वही.

"एर्नी, मला हे शिकव."

"तुला? तू दगडसुद्धा रस्त्याच्या डाव्या बाजूचाच उचलशील."

तो हसला नाही. वही उघडून पेन घेऊन उभा राहिला. मग मीही सेक्रेटरीचा आवाज काढला.

"ऐक. आधी शेतकऱ्याची परवानगी. परवानगीशिवाय बांधाच्या आत पाय टाकलास तर क्लबातून हाकलीन. जे सापडेल ते शेतकऱ्याला दाखवायचं. ताटली जमिनीला घासून, हळू फिरवायची, गवत कापल्यासारखी नाही. आणि खड्डा असा बुजवायचा की तिथे कोणी खणलं होतं हे सशालाही कळता कामा नये."

विल्फने सशासकट सगळं लिहून घेतलं.

"आणि हा आकडा कसला?"

"खाली काय आहे त्याचा अंदाज. लोखंडाचा आकडा खालचा, चांदीचा वरचा. आणि हा मधला दिसतोय ना? हा कोल्ड्रिंक-बिअरच्या डब्यांच्या कड्यांचा. ओढून फेकून द्यायच्या त्या. आपली शेतं भरलीत त्यांनी. नवा माणूस दिवसभर कड्याच उकरतो आणि महिन्याभरात मशीन विकून मोकळा होतो. म्हणून हा आवाज मी बंद करून ठेवतो. कडी आली की मशीन गप्प बसेल. याला हात लावू नकोस."

"नाही लावणार," विल्फ म्हणाला.

मी नव्या माणसाला नेहमी हेच सांगतो. त्याला कंटाळा येऊ नये म्हणून सांगतो. पण आमच्यातल्या प्रत्येकाला हेही ठाऊक असतं की सोन्याची बारीक अंगठी आणि डब्याची कडी या दोघींचा आवाज एकच असतो. मशीनला फरक कळत नाही. क्लबच्या हॉलमध्ये फळ्यावर खडूने मीच लिहितो, सोनं हवं असेल तर शंभर कड्या खणायची तयारी ठेवा. ते मी त्या दिवशी बोललो नाही, कारण विल्फ सोन्यासाठी आलाय असं मला वाटलंच नाही. त्याला फिरायला निमित्त हवं असेल, एवढंच वाटलं.

तिसऱ्या रविवारी थर्मासमधला चहा पिताना त्याने खरं कारण सांगितलं. बांधावर आम्ही दोघंच होतो.

१९७१ सालचा ऑक्टोबर. त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. थेल्मा इतर बायकांबरोबर चॅपलमागच्या, गुडरमांच्या मालकीच्या शेतात बटाटे वेचायला जायची. एके दिवशी घरी आली तर बोटात अंगठी नाही. म्हणाली, दुपारी गेटजवळ पाव खायला बसले, हातमोजा काढला, त्याबरोबर निघून पडली असणार, अंधार पडेपर्यंत चिखल चाचपला. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिला दोन पोरांसकट टाकून गेला होता, आणि शनिवारी त्या बहिणीच्या दारात नवी कोरी बाबागाडी उभी राहिली. विल्फने दोन्हींचा मेळ घातला. स्वयंपाकघरात उभं राहून त्याने बायकोला विचारलं, "विकलीस ना?"

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"नाही म्हणाली. एकदाच. मग चूल पुसायला लागली. पंचेचाळीस वर्षं झाली, एर्नी, त्यावर आम्ही परत बोललो नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी दुसरी अंगठी घेऊ म्हणालो. तर म्हणे, माझी आहे की, शेतात आहे."

"मग तुझा विश्वास आहे की नाही तिच्यावर?"

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. "सापडली की तिला सांगता येईल ना," एवढंच म्हणाला.

तेव्हा मी ताडकन उठून त्याचं मशीन हातात घ्यायला हवं होतं. कड्यांचा बंद केलेला आवाज उघडायला एक बटण दाबावं लागतं, एकच. पण त्या दुपारी मला सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं सापडलं होतं, नखाएवढं, आणि माझं सगळं लक्ष खिशातल्या त्या नाण्यात. मी विल्फच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "सापडेल रे." याची मला अजून लाज वाटते.

मिसेस गुडरमांनी विल्फला चॅपलमागच्या शेताची परवानगी दिली. कापणी आणि पेरणी यांच्यामध्ये जेवढे दिवस मिळतील तेवढे. त्याने शेताला सुतळी बांधून पट्टे पाडले, बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि एकेक पट्टा आधी उभा, मग आडवा चालला. त्याच शेतात पूर्वी दहा-बारा वर्षं तरुण शेतकऱ्यांचा उन्हाळी मेळावा भरायचा आणि बिअर नुसती वाहायची. दुसरा कोणी असता तर कड्यांनी वेडा झाला असता. विल्फच्या कानात मात्र छान शांतता. मी बांधावरून जाताना ओरडायचो, "काय विल्फ, बस वेळेवर आहे ना?" तो हात वर करायचा.

थेल्माला या सगळ्याची गंमत वाटायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढून वाढून म्हातारी झालेली ठेंगणी, बडबडी बाई. मी घरी गेलो की म्हणायची, "आले भंगारवाले! बूट बाहेर काढा." खिडकीच्या कट्ट्यावर तिने विल्फच्या बटणांची आणि बक्कलांची ओळ लावली होती, आणि रोज ती फडक्याने पुसायची. एकदा माझ्यासमोर ती त्याला म्हणाली, "अरे, गेटजवळ बघ म्हटलं ना? आत शिरल्यावर डाव्या हाताला. तू आपला सुतळ्या बांधत तळ्यापर्यंत जातोस."

"गेटजवळचं दोनदा झालंय," विल्फ म्हणाला.

"मग तिसऱ्यांदा बघ. तुझं काय जातंय?"

त्याने तिसऱ्यांदा बघितलं. दोन शरद ऋतू गेले. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शेवटचा पट्टा संपला त्या दिवशी मी त्याच्या घरीच होतो. थेल्माने आल्याचा केक केला होता. विल्फ आत आला, हात धुतले, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पूर्ण शेत झालं. नाहीये."

थेल्मा माझ्या बशीत केक ठेवत होती. तिचा हात थांबला नाही. दुसरा तुकडा विल्फच्या बशीत ठेवून ती म्हणाली, "मग तू म्हणाला होतास तेच खरं असेल."

"मी तसं नाही म्हणालो, थेल्मा."

"नाही कसं? मशीन खोटं बोलत नाही, मग मी बोलत असणार."

"जाऊ दे ना आता. एर्नी बसलाय."

"बसू दे की. त्यालाही कळू दे, कशी बायको आहे तुझी."

हे ती हसत म्हणाली. मलाही हसावं लागलं. मी केकचा मोठा घास घेतला. कोणत्या सेटिंगवर फिरलास रे, एवढे चार शब्द तोंडातून निघाले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. ते मला सुचलंच नाही, ही माझी चूक. माफी मागण्याच्या लायकीची तरी आहे की नाही, मला ठाऊक नाही.

जानेवारीत थेल्माला खोकला झाला. खोकला म्हणता म्हणता फुप्फुसात काहीतरी निघालं आणि फेब्रुवारीच्या शेवटी ती गेली. चर्च भरलं होतं. तिच्या हातचं जेवलेलं निम्मं गाव आलं होतं.

मार्चमध्ये विल्फ माझ्या दारात मशीन घेऊन आला. "क्लबला ठेव. कोणी नवा आला तर दे. मला आता नको." मी चहाला बोलावलं, पण तो थांबला नाही.

कोणाला देण्याआधी चालतंय का बघावं म्हणून मी मशीन सुरू केलं. पडद्यावर आकड्यांच्या ओळीत मध्येच एक काळी चौकट होती, कड्यांचा आवाज बंद असल्याची खूण. मी पबच्या आवारात लावून दिलेली, तशीच्या तशी. दोन वर्षांत त्याने तिला बोट लावलं नव्हतं. मी सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून!

मी गॅरेजमध्ये खोक्यावर बसलो.

त्याच दुपारी मिसेस गुडरमांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "एर्नी, सोमवारी जव पेरायचाय. आज मंगळवार. रविवारपर्यंत काय करायचंय ते करा. पण खड्डे दिसले तर मला तुम्ही दिसायला नकोत." मी विल्फचंच मशीन घेतलं, कड्यांचा आवाज उघडला आणि गेटपासून सुरुवात केली.

काय सांगू, कान किटले. दर दोन पावलांवर कडी. गुडघे टेकायचे, खणायचं, कडी पिशवीत, खड्डा बुजवायचा, उठायचं. माझं वय बहात्तर. बुधवारी संध्याकाळी बायकोने मला बुटांच्या नाड्या सोडून दिल्या आणि विचारलं, "एवढं काय आहे तिथे?" तिला सांगायची हिंमत झाली नाही. शनिवारी दुपारी, आत शिरल्यावर डाव्या हाताला, गेटपासून तेरा पावलांवर, पुन्हा तसाच आवाज आला. कडीचा. जरासुद्धा वेगळा नाही. वीतभर खाली ढेकूळ फोडलं, तर मातीत पिवळी कड दिसली. नांगराने थोडी चेपलेली, साधी, बारीक अंगठी. सोन्याला माती काही करत नाही. थुंकी लावून पुसली तर आतली अक्षरं वाचता आली, दोघांच्या नावांची आद्याक्षरं आणि साल.

आनंदाने ओरडायची आमच्यात पद्धत आहे. सोनं सापडलं की म्हातारे भर शेतात नाचतात. मी तिथेच बसून रडलो.

सांगायचं की नाही, यावर मी रविवार घालवला. अंगठी द्यायची तर कशी सापडली ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं तर मित्र जाणार. न द्यायची तर थेल्मा मातीतही खोटारडीच राहणार. सोमवारी सकाळी गेलो. खिडकीच्या कट्ट्यावरची बटणं तशीच होती, धूळ धरलेली. विल्फच्या समोर टेबलावर अंगठी ठेवली आणि सगळं सांगितलं. कडीचा आवाज, पबचं आवार, काळी चौकट, चांदीचं नाणं. काहीही राखून ठेवलं नाही.

"मला शिव्या दे, विल्फ," मी म्हणालो. "हाकलून दे हवं तर."

त्याने अंगठी उचलली, चष्मा लावून अक्षरं वाचली.

"कुठे होती?"

"गेटजवळ. डाव्या हाताला."

त्याने मान हलवली. "तुला कशाला शिव्या देऊ? तू एकदा सांगितलंस आणि मी दोन वर्षं ऐकलं. तिने पंचेचाळीस वर्षं सांगितलं." त्याने ती अंगठी करंगळीत घालून पाहिली. पेरापुढे जाईना. मग ती तशीच मुठीत धरून बसला.

"हॉस्पिटलात," तो म्हणाला, "शेवटच्या गुरुवारी. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, विल्फ, मी गेल्यावर एकदा परत बघशील का रे गेटजवळ? मी पेपर खाली न ठेवता म्हणालो, तीनदा बघून झालंय थेल्मा, आता पुरे. तर म्हणाली, बरं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली."