पार्किंगमधलं सीएनसी

काही घरांत पाहुणे साठतात, आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत अविनाशभावजींचे किस्से साठतात. माझी गॅलरी नेमकी त्यांच्या पार्किंगवर उघडते, त्याला मी काय करणार?

रिटायर झाल्यापासून भावजी भंगारातून सीएनसी मशीन बनवतायत. म्हणजे कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, मशीन ते लाकडात कोरणार. तीन वर्षांत एक अक्षर कोरलेलं नव्हतं.

*

मंदावहिनींनी त्यांना पडदे आणायला पाठवलं. आले ते रिक्षात मोडकं झेरॉक्स मशीन घालून.

"अहो, पडदे?"

"अगं, यात चार मोटरी आहेत."

"मग त्याच लावा खिडकीला."

*

कुणाचा प्रिंटर बंद पडल्याचं कळलं की भावजी भेटायला हजर. आमच्याकडेही आले. चहा घेतला, मग हळू आवाजात विचारलं, "शेवटी शेवटी फार त्रास झाला का?"

जाताना प्रिंटर घेऊन गेले.

*

आमच्या ट्रेडमिलवर दोन वर्षं टॉवेल वाळत होते. मोटर काढण्याआधी भावजींनी ती सुरू करून पाहिली. टॉवेल सरकत सरकत खाली उतरले.

"चला, घरातलं कुणीतरी चाललं," आमचे हे माझ्याकडे बघून म्हणाले.

*

शेवटी चेअरमन टिळेकरांनी बजावलं, "रविवारी मशीन चालवून दाखवा. नाहीतर सोमवारी भंगारवाला."

भावजींचा चेहरा उतरला. वहिनी एरवी त्या पसाऱ्याला सवत म्हणतात, पण त्याच पुढे झाल्या. "तुमच्याच नावाची पाटी कोरून देतील."

रविवारी सगळी सोसायटी खाली. मशीन चक्क चाललं! पण किती खोल कोरायचं, तो आकडा चुकला होता. पाटी आरपार कापली गेली, आणि खाली आधाराला ठेवलेल्या लाकडातही 'टिळेकर' कोरलं गेलं.

वहिनींनी ते लाकूड उचलून पाहिलं. गुरुवारपासून शोधत होत्या, तो त्यांचा पोळपाट.

"घरात याच्याइतकं सपाट दुसरं काही नव्हतं," भावजी पुटपुटले.

"उद्या भंगारवाला," म्हणून चेअरमन वर गेले.

संध्याकाळी वहिनींनी त्याच पोळपाटावर पुरणपोळी लाटली आणि चेअरमनकडे पाठवली. ताट घेऊन मीच गेले. बघायला नको?

चेअरमननी पोळी दिव्यासमोर धरली, बराच वेळ निरखली.

"आडनाव उलटं आलंय," ते म्हणाले. "पण अक्षर चांगलं आहे. भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो."